उजव्या दांड्याचं बेअरिंग

१

विमानाची वार्षिक तपासणी मी शेपटीपासून सुरू करते. नवरा पुढून, मी मागून, आणि पंखांच्या मुळाशी आमची गाठ पडते, अशी आमची जुनी पद्धत. यंदा मात्र तो म्हणाला, "तू कशाला दगदग करतेस? या वर्षी मी एकटा करीन."

मी म्हटलं, "माझ्या नटांना तू एकटा हात लावणार? झोप तरी येईल का मला?"

विमान आमचं आहे, म्हणजे आम्ही बनवलेलं आहे. एका कारखान्यात मी टूलरूममध्ये आणि तो शेजारच्या ड्रॉइंग विभागात. तिथेच लग्न जमलं. पुढे लोकांनी घरं बांधली, आम्ही दोन माणसांचं विमान बांधलं. उड्डाण क्लबच्या कुंपणालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं लागली, आणि आता ते उडायला लागून पाच वर्षं झाली. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते. शेडमध्ये अरे. शेडमध्ये तो मला मिस्त्री म्हणायचा.

तर विमान वर-खाली वळवणारी शेपटीची झडप दोन बोटांनी धरून हलवायची. आवाज यायला नको. बेअरिंग झिजलं असलं की सूतभर जागा होते आणि 'टक' असं वाजतं. त्याला आम्ही प्ले म्हणतो. जमिनीवर ती नुसती टक असते. वर, वेगात, तीच झडप फडफडायला लागली तर शेपटी उखडायला चार सेकंद पुरतात.

शेपटीत थोडा प्ले होता, पंखांच्या झडपांतही होता. पाच वर्षांनी एवढं व्हायचंच. मग मी आत वाकले आणि या झडपा चालवायचे दांडे हलवून पाहिले. दोन माणसांसाठी दोन दांडे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी त्याचं स्वतःचं एक बेअरिंग. डाव्या दांड्याशी नवरा बसतो, तिथे किंचित प्ले. उजवा दांडा हातात धरला आणि तो अक्षरशः खुळखुळला.

उजव्या दांड्याचं बेअरिंग मी मागच्याच वर्षी बदललं होतं, कारण जुन्याला गंज धरला होता. आणि उजव्या जागेवर कुणी बसत नाही. ती जागा माझी. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानाचा पडदा गेला आणि डॉक्टरांनी उंचीवर जायची कायमची बंदी घातली, तेव्हापासून ती रिकामी आहे. मी पुन्हा हलवून पाहिलं. निदान तीनशे तासांची झीज होती.

२

माणसाचं डोकं आधी सोपं उत्तर शोधतं, माझंही त्याच वाटेने गेलं. बेअरिंगच खराब निघालं असेल. ग्रीस वाळलं असेल. वाऱ्याने झडपा हलून झिजलं असेल. पण झडपा वाऱ्याने हलल्या असत्या तर डावाही तेवढाच झिजला असता. उजवा दांडा कुणीतरी हातात धरून चालवला होता आणि सवयीने चालवला होता.

मग शेडच्या कोपऱ्यातलं वाळूचं पोतं दिसलं. मी जायची बंद झाल्यावर विमान एका बाजूला कलायचं, म्हणून माझ्या जागेवर पट्ट्याने बांधायला ते पोतं मीच शिवलं होतं. "बघ, ही तुझ्यापेक्षा कमी बोलते," असं तो म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पोत्यावर बोटभर धूळ होती आणि एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं होतं. ते कित्येक महिन्यांत उचललेलं नव्हतं.

त्याला मी सरळ विचारलं, "तुझ्याबरोबर कुणी येतं का रे?"

"कोण येणार?" तो इंजिनात डोकं घालून होता. ते त्याने बाहेर काढलं नाही.

"पोतं कुणी कुरतडलंय बघितलंस?"

"उंदीर फार झालेत," तो म्हणाला.

बाहेर हात धुवायला गेले तर क्लबचे पेट्रोलवाले काका टाकीपाशी बसले होते. चाळीस वर्षं पेट्रोल भरून त्यांना सगळे टाकीकाकाच म्हणतात. मला पाहून खूष झाले.

"वहिनी, कान बरा झाला ना? छान झालं. नाहीतर बिचारे साहेब एकटे जायचे."

"कोण म्हणालं बरा झाला?"

"आता सांगायला कशाला हवं? दर रविवारी जाता की तुम्ही. मागच्या खेपेला मला हात केलात." आणि काकांनी हात हलवून दाखवला. मनगट स्थिर ठेवून नुसती बोटं. तसा हात मी करते. माझी आई तसा करायची.

मी हसले. काय करणार होते? घरी येईपर्यंत मी रविवार मोजत आले. रविवारी सकाळी मी याला डबा भरून देते आणि दुपारपर्यंत एकटी असते. तीन वर्षं. त्या जागेवर, विमानात राहिलेली माझी टोपी घालून दुसरी कुणी बसते, आणि तिला माझ्यासारखा हात करायलासुद्धा शिकवलंय, असंच मला वाटलं. त्या रात्री मी पाठ करून झोपले आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेल्यावर मी एकटी शेडमध्ये गेले आणि उजवी सीट उपसली.

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. ज्याने नट आवळला त्याने त्यावर खूण करायची नाही. नट मी आवळला तर तो पाना लावून तपासणार आणि नटापासून पत्र्यापर्यंत हिरव्या रंगाची रेघ ओढणार. त्याने आवळला तर मी तपासून पिवळी रेघ ओढणार. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. नऊ वर्षांत एकही नट एकाच्या भरवशावर राहिला नाही. लग्नात सात पावलं चाललो त्यांपेक्षा माझा या रेघांवर जास्त विश्वास होता.

मागच्या वर्षी उजव्या दांड्याचा नट मी आवळला होता आणि त्याने हिरवी रेघ ओढली होती. आता तिथे हिरवी रेघ नव्हती. नट खोलून पुन्हा आवळलेला होता आणि त्यावर पिवळी रेघ होती.

दुसऱ्या बाईच्या हातात माझा रंग! मला रडू आलं नाही, संताप आला. विजेरी जवळ नेली. रेघ बोटाने ओढलेली होती. पिवळ्या रंगात बोटाच्या शेवटच्या पेराचे वळसे स्पष्ट उमटले होते, आणि मध्ये एक आडवा पांढरा व्रण.

मी विजेरी खाली ठेवली आणि माझा डावा हात त्या रेघेशेजारी धरला.

पूर्वी मी रेघ बोटानेच ओढायची. डाव्या हाताच्या अनामिकेने, कारण काम करताना तेवढंच बोट स्वच्छ राहतं. त्या बोटाच्या टोकावर लहानपणी विळीने कापल्याचा आडवा व्रण होता. होता म्हणते, कारण सात वर्षांपूर्वी ते टोकच गेलं. पंखाची पट्टी ड्रिल मशीनखाली बसवत होते. यंत्र असो की इंजिन, सुरू करण्याआधी एकाने विचारायचं, "मोकळं?" दुसऱ्याने दोन्ही हात काढून घ्यायचे आणि मग म्हणायचं, "मोकळं." त्या दिवशी त्याने विचारलं नाही आणि बटण दाबलं.

दवाखान्यात तो म्हणाला, "मी विचारलं होतं. तू हो म्हणालीस." मी वाद घातला नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. पुढे त्याने ते कधी सुधारलं नाही. जेवताना त्याची नजर माझ्या डाव्या हातावरून घसरून भिंतीवर जायची. मिस्त्री म्हणायचं थांबलं तेही तेव्हापासूनच. आणि मी रेघा आगकाडीने ओढायला लागले.

४

"कोण आहे ती?" मी विचारलं.

तो स्वयंपाकघरात कप विसळत होता. विसळून झालेला कप पुन्हा विसळायला लागला.

"तुला राग येईल," तो म्हणाला.

"आलेलाच आहे. बोल."

"दोन वर्षं होत आली. मी इंजिन तपासत होतो, तर उजवीकडचा पट्टा वाजला. बघतो तर तू बसलेली. मला वाटलं, माझ्या मागोमाग आलीस, डॉक्टरांचं न ऐकता. मी म्हटलं, अगं, कान? तू नुसती हसलीस."

"मी नव्हते."

"हो. पट्टा लावताना हात दिसला. तेव्हा कळलं."

नळ चालूच होता. मी पुढे होऊन बंद केला.

"आणि मग काय केलंस?"

"इंजिन सुरू केलं," तो म्हणाला.

मला त्याच्याकडून काय हवं होतं ते सांगते. मी घाबरलो होतो, असं त्याने म्हणायला हवं होतं. उतरून पळालो, तुला सांगायची हिंमत झाली नाही, मला भास होतोय, मला डॉक्टरकडे ने, यातलं काहीही चाललं असतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता. डोकं फिरलेल्या नवऱ्याला सांभाळायला मी एका पायावर तयार होते.

"ती असते कोण?" मी विचारलं. "कुठून येते? बोलते?"

"मी विचारत नाही. शेडमध्ये येते, काम करते, बरोबर येते. तुझ्यासारखंच चोख काम." मग त्याने मान वर केली, पण माझ्याकडे नाही, खिडकीकडे. "तिच्या हाताकडे बघता येतं गं."

दवाखान्यानंतर सात वर्षांत त्या ड्रिल मशीनबद्दल तो एवढंच बोलला.

५

नवीन बेअरिंगं शनिवारी सकाळी आली. तो म्हणाला, "राहू दे, आम्ही बसवू." आम्ही! मी त्याच्या हातून खोकं घेतलं आणि शेडमध्ये गेले. का गेले, असं बहीण मला आजही विचारते. विमान माझं होतं म्हणून. आणि ज्या विमानात माझा नवरा बसतो, त्याचे नट मी त्या हातांवर सोडणार नव्हते.

दिवसभर एकटीने काम केलं. जुनं बेअरिंग आट्यांवरून काढताना फेरे मोजायचे आणि नवीन तेवढेच फेरे आत घालायचं, नाहीतर झडप वाकडी बसते. शेपटीत साडेअकरा. पंखांत नऊ. बोल्टला हलका तेलाचा हात, नवीन नट, मग मापाने आवळणारा टॉर्क पाना, 'कट' आवाज येईपर्यंत. झालेल्या कामावर मी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करते, ती सवय जुनी आहे.

उजव्या दांड्याची पाळी शेवटी आली. पाना लावला आणि हात थांबला. अर्धा फेरा कमी आवळला तर? वर रेघ असली की कुणी विचारणार नाही. दोघंही जातील. असला विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. पण अठ्ठावीस वर्षं ज्या हाताने मापं सांभाळली तो हात धजला नाही. 'कट' आवाज येईपर्यंत आवळला.

मग पोटाच्या झाकणातून शेवटचं पाहायला विमानाखाली उताणी झोपले. दोन्ही हात आत घातले होते. दांड्याचं बूड आणि चौकट यांच्या मधल्या फटीत बोटं घालून बेअरिंग चाचपत होते. वर सीटचं जाड कापड ताणलेलं दिसत होतं. दुपारचे चार वाजले असतील, पत्रा तापून तडतडत होता.

विमान एका बाजूला किंचित दबलं. आम्ही पायरीवर पाय ठेवला की दबतं, तेवढंच.

"कोण आहे?" मी म्हटलं. टाकीकाका असतील, असं मनात म्हटलंसुद्धा.

सीटचं कापड हळूहळू खाली आलं. आधी थोडं, मग पुरतं. वर कुणीतरी नीट सरकून, पाठ टेकून बसलं. माझ्या तोंडापासून ते कापड वीतभर अंतरावर होतं. पट्ट्याची कडी वाजली.

आणि दांडा हलला.

मी हात ओढून घेतले. अंगठ्याची सालपटं निघाली, बाकी वाचले. कुणी विचारलं नव्हतं, मोकळं का म्हणून. दांडा सावकाश पुढे गेला, मागे आला, डावीकडे, उजवीकडे, आणि शेवटी एक पूर्ण गोल फिरला. नवीन काम तपासताना मी असाच फिरवते. जराही आवाज नाही, जराही प्ले नाही. मग वरून पत्र्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक झाली.

मी बाहेर कशी आले, कुठे कुठे खरचटलं, काही कळलं नाही. उभी राहिले तेव्हा सीट रिकामी होती आणि कापड हळूहळू वर येत होतं. फळीवर माझ्या पिवळ्या रंगाच्या डबीचं झाकण उघडं होतं. आत वाकून पाहायचा धीर झाला नाही. पण पाहिलं. उजव्या दांड्याच्या नटावर ओली पिवळी रेघ होती. पेर पूर्ण उमटलं होतं, व्रणासकट.

नियम तिने मोडला नव्हता. नट मी आवळला होता, खूण दुसऱ्याने केली होती.

६

रविवारी मी डबा भरला नाही. त्याच्या आधी शेडवर जाऊन उभी राहिले. तो आला, मला पाहून थबकला. आम्ही दोघांनी मिळून विमान बाहेर ढकललं, नेहमीप्रमाणे. वजन नेहमीपेक्षा जास्त वाटलं.

"घरी जा," तो हलकेच म्हणाला. "आवाजाने कान दुखेल तुझा."

"तू उतर. आपण दोघं घरी जाऊ," मी म्हटलं. "मी काही विचारणार नाही. बोटाचंही नाही. कधीच नाही."

त्याचा चेहरा क्षणभर हलला. वाटलं, येतोय. मग विमानाकडे पाहून तो म्हणाला, "मिस्त्री, पट्टा लाव." सात वर्षांनी ऐकला तो शब्द, आणि तो माझ्यासाठी नव्हता. तो चढून बसला आणि काचेचं छत ओढून घेतलं. बाजूची छोटी खिडकी तेवढी उघडी राहिली.

छतावर सकाळचं ऊन असं पडलं होतं की आतलं काही दिसेना. समोरून दिसलं असतं. म्हणून मी पुढे गेले आणि प्रोपेलरच्या अगदी समोर, हात लावता येईल एवढ्या अंतरावर उभी राहिले. शहाणा माणूस तिथे कधी उभा राहत नाही. मला पक्कं माहीत होतं, मी समोर असताना हा बटण दाबणार नाही. खोटं बोलेल, दुसरीला घेऊन उडेल, पण माझ्या तोंडून 'मोकळं' निघाल्याशिवाय बटण दाबणार नाही. एकदा दाबलं होतं, त्यानंतर तर नाहीच. एवढा भरवसा माझ्याजवळ शिल्लक होता, आणि तो घेऊनच मी तिथे उभी होते.

समोरच्या काचेतून त्याचा चेहरा दिसला. उजव्या जागेवर सावली होती, माझी जुनी टोपी होती. चेहरा दिसला नाही. काचेच्या कडेवर एक डावा हात टेकला होता. पाचही बोटं पूर्ण होती. अनामिकेच्या टोकाला पिवळा रंग लागला होता.

नवरा माझ्याकडे बघत होता. थेट डोळ्यांत. नजर भिंतीवर गेली नाही की खिडकीवर गेली नाही.

"मोकळं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून शब्द निघण्याआधीच छोट्या खिडकीतून उत्तर आलं, माझ्याच आवाजात, तरुण आणि खणखणीत.

"मोकळं."

त्याने मान डोलावली. आणि बटण दाबलं.

७

मी मागे पडले आणि बाजूला लोळले म्हणून वाचले. ओढणीचं टोक गेलं. टाकीकाका धावत आले, मला उठवलं, माझ्याकडे पाहिलं, धावपट्टीवर वेग घेणाऱ्या विमानातल्या माझ्या टोपीकडे पाहिलं, आणि त्यानंतर आजवर ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

मी आता बहिणीकडे राहते. तो फोन करत नाही. एकदाच मी केला होता. "मी विचारलं होतं," तो म्हणाला. "या वेळी तरी विचारलं होतं ना?" खरं आहे. विचारलं होतं.

बहिणीच्या गच्चीवरून रविवारी विमान दिसतं. दहाच्या सुमाराला कुंपणावरून वर येतं आणि घरावरून वळण घेतं. मी उजवा कान वर करून ऐकते. कुठे खडखड नाही, कुठे टक नाही, झडपा लोण्यासारख्या हलतात. बहीण म्हणते, कशाला ऐकत बसतेस, आत ये.

सोळा बेअरिंगं मी माझ्या हाताने बसवली आहेत. पाच वर्षं तरी झिजायची नाहीत.